मांडव उतरल्यावर

लिनक्स चालू होताना स्क्रीनवर ज्या शेकडो ओळी धडाधड वर सरकतात, त्यात शेवटाकडे एक ओळ असते. 'फ्रीइंग अनयूज्ड कर्नल मेमरी', आणि पुढे काहीतरी आकडा. एवढ्या-एवढ्या केबी मोकळ्या केल्या म्हणून. मी ही ओळ हजारदा तरी पाहिली असेल. तिचा अर्थही मला माहीत होता, एका इंटरव्ह्यूत तो ऐटीत सांगितलाही होता. तरीपण २०२२ च्या दिवाळीआधी ह्याच ओळीने माझी अशी काही जिरवली की अजून आठवलं की कान गरम होतात.

आधी ती ओळ म्हणजे काय ते सांगतो. ज्यांना माहितेय त्यांनी चहा घेऊन या :)

कर्नल रॅममध्ये येऊन पडतो तेव्हा मशीनमध्ये रॅम किती आहे हेसुद्धा त्याला माहीत नसतं. पीसीवर हा नकाशा बायोस किंवा यूईएफआय देतं, आमच्यासारख्यांच्या एआरएम बोर्डावर बूटलोडर किंवा डिव्हाइस ट्री. नकाशा मिळाला तरी लगेच वाटप सुरू करता येत नाही. मेमरी वाटायची तर हिशेबाची वही हवी, आणि वही ठेवायला मेमरी हवी. ही वही काही छोटी नसते. १६ जीबी रॅमची ४ केबीची पानं पाडली तर ४१ लाख ९४ हजार ३०४ पानं होतात. प्रत्येक पानाच्या नावाने ६४ बाइटची एक नोंद धरली तर नुसत्या नोंदीच २५६ एमबी. आता ही जागा कोणाकडे मागायची? मागायला अजून कोणी बसलेलंच नाहीये.

मग कर्नल एक जुगाड करतो. स्वतःच्या पोटातच एक छोटी कच्ची वही घेऊन येतो, तिचं नाव मेमब्लॉक. सुरुवातीला जेमतेम १२८ ओळींची. इथून इथपर्यंत रॅम आहे, इथून इथपर्यंत कर्नल स्वतः बसलाय, इथे बूटलोडरने काहीतरी ठेवलंय, हात लावू नका. एवढ्यावर मोठ्या वहीची जागा काढायची, मोठी वही भरायची, आणि उरलेली सगळी पानं बडी ॲलोकेटरच्या हवाली करायची. लग्नघरात हॉलची किल्ली मिळेपर्यंत मामा जसं पाकिटाच्या मागे हिशेब लिहीत असतो, तसं.

अशी एकदाच लागणारी कामं बूटमध्ये पुष्कळ असतात. प्रोसेसर ओळखणं, कमांड लाइन वाचणं, टायमर लावणं, ड्रायव्हरांची नोंदणी. एकदा झाली की परत कधीच नाही. मग तो कोड जन्मभर रॅममध्ये कशाला ठेवायचा? म्हणून अशा फंक्शनच्या कपाळावर एक चिठ्ठी लावायची पद्धत आहे. दोन अंडरस्कोअर आणि पुढे इनिट. चिठ्ठी लावलेली सगळी फंक्शनं लिंकर एका वेगळ्या पट्ट्यात शेजारी-शेजारी नेऊन बसवतो. बूट संपत आला, पहिला प्रोग्राम सुरू व्हायची वेळ आली, की कर्नल तो अख्खा पट्टा मोकळा करून टाकतो. लग्न लागलं, जेवणं झाली, आता मांडव उतरवा, बांबू पुढच्या लग्नाला जाऊ देत.

ह्यात मला सगळ्यात आवडणारी गंमत म्हणजे 'स्टार्ट कर्नल' हे फंक्शन. सी भाषेतल्या कर्नलचा बूट जिथून सुरू होतो ते. त्याच्याही कपाळावर तीच चिठ्ठी आहे! म्हणजे मांडव उतरवायचा हुकूम सुटेल तेव्हा हा अजून मांडवातच बसलेला असला तर? म्हणून शेवटचं आवरायचं काम 'रेस्ट इनिट' नावाच्या फंक्शनला दिलंय आणि त्याला मुद्दाम चिठ्ठी लावलेली नाही. ते नव्या दोन थ्रेडना जन्म देतं, आणि मूळचा थ्रेड आयडल होऊन मांडवाबाहेर जाऊन बसतो. बसल्या फांदीवर कुऱ्हाड पडू नये म्हणून हे कसं बेतलंय ते कोडमधल्या एका कॉमेंटमध्ये लिहिलंय. मी ती कॉमेंट वाचली होती. वाचूनसुद्धा...

असो. तर झालं असं.

आमच्याकडे एक डबा होता. दूध संकलन केंद्रांवर जे बल्क कूलर असतात, त्यातल्या दुधाचं तापमान बघायचं आणि ४ अंशांच्या फार वर गेलं की मोबाइलवर अलार्म पाठवायचा, एवढंच काम. गिऱ्हाइकाला नवं हार्डवेअर नको होतं. जुन्या बोर्डावरचा २.६ चा कर्नल काढून ३.१० टाकायचा, कारण मोडेमचा ड्रायव्हर तिथपर्यंतच मिळत होता. (२०२२ साली ३.१० वर अपग्रेड! हसू नका, एम्बेडेडमध्ये हे असंच चालतं.) काम माझ्याकडे आलं.

जुन्या सेन्सर ड्रायव्हरमध्ये फंक्शनांवर वेगळी चिठ्ठी होती, डेव्हइनिट. तिचा अर्थ असा होता, की चालू मशीनमध्ये वस्तू काढता-घालता येत नसतील तर हा कोड बूटनंतर टाका, येत असतील तर ठेवा. पुढे काढता-घालता येणं सगळीकडेच गृहीत धरलं गेलं, चिठ्ठीने वाचणारी मेमरी नगण्य आणि ती चुकीची लावणारे लोक भरपूर, म्हणून २०१३ साली आलेल्या ३.८ पर्यंत ग्रेग क्रोह-हार्टमन आणि मंडळींनी ती कर्नलमधून पुसूनच टाकली. म्हणजे ३.१० मध्ये हा शब्दच नाही. माझा ड्रायव्हर कंपाइल होईना.

बरोबर उपाय होता चिठ्ठी काढून टाकणं. मी काय केलं? शुक्रवारची संध्याकाळ होती. एका कमांडने सगळीकडे डेव्हइनिटच्या जागी इनिट केलं. दिसायला सारखंच की! कंपाइल झालं. बूट झालं. तापमान दिसलं. मी घरी गेलो.

महिन्याभरात फील्डमधून तक्रारी. डबा मध्येच थिजतो. कधी आपोआप रीबूट होतो, कधी नाही. आमच्या लॅबमध्ये मात्र तोच डबा तीन-तीन आठवडे ठणठणीत. चार केंद्रांवरून लॉग मागवले तर चारही वेगळे. दोन ठिकाणी 'अनडिफाइंड इन्स्ट्रक्शन', एका ठिकाणी कुठल्यातरी भलत्याच पत्त्यावर कोलमडलेला, एक तर वाचण्याच्या पलीकडे. मी त्या अनडिफाइंड इन्स्ट्रक्शनचा पत्ता काढला. आमच्याच ड्रायव्हरमधलं सेन्सर सेटअप करणारं फंक्शन, त्याची पहिलीच इन्स्ट्रक्शन. बिल्डची फाइल उलगडून पाहिली, तर त्या पत्त्यावर व्यवस्थित, सोज्वळ इन्स्ट्रक्शन. म्हणजे फाइलमध्ये एक आणि रॅममध्ये दुसरंच!

झालं. मी निकाल दिला: रॅम खराब आहे, बिट उडतायत.

आमच्या हार्डवेअरला एक सर होते. पन्नाशी उलटलेले, कमी बोलणारे. हा बोर्ड त्यांचा. मी मेल लिहिली, पुराव्यासकट, मॅनेजरला सीसी करून. त्या मेलमधलं एक वाक्य मला पाठ आहे, ते इथे लिहीत नाही. सरांनी वाद घातला नाही. ऑसिलोस्कोप काढला, मेमरीच्या तारा तपासल्या, ७२ तास मेमरी टेस्ट चालवली. एकही चूक नाही. मी म्हटलं, "सर, लॅबचं तापमान आणि फील्डचं तापमान वेगळं असतं." ते म्हणाले, "बरोबर आहे." आणि बोर्ड ओव्हनमध्ये ठेवून परत ७२ तास. दिवाळी तोंडावर आलेली. ते दरवर्षी वसुबारसेला गावी जातात, ह्यावेळी तिकीट रद्द केलं.

ह्याच सुमारास एका केंद्रावरचा कूलर रात्री बंद पडला. डबा त्याआधीच थिजलेला, त्यामुळे अलार्म गेलाच नाही. सकाळी पंधराशे लिटर दूध ओतून द्यावं लागलं. ते कोणाचं होतं? दोन-दोन म्हशीवाल्यांचं. हे मला मॅनेजरने नाही, डबे बसवणाऱ्या पोराने फोनवर सांगितलं. आणि बोलता-बोलता तोच म्हणाला, "सर, वायर लावली की मरतोय ना तो. बंद करून परत चालू केला की बरा होतोय. आम्हाला सगळ्यांना माहितेय."

मी विचारलं, कुठली वायर?

सेन्सरची. टाकी धुताना ते सेन्सर काढून ठेवतात आणि धुऊन झाली की परत लावतात. रोज. नवीन डबा बसवतानाही आधी पॉवर देतात, मग सेन्सर जोडतात. आमच्या लॅबमध्ये सेन्सर कायमचा जोडलेला. गेल्या कित्येक महिन्यांत कोणी काढला नसेल.

फोन ठेवला, सेन्सरची वायर उपटली, परत लावली. डबा मेला. पहिल्या फटक्यात! दोन आठवडे आम्ही ज्याच्या मागे होतो ते दोन सेकंदांत.

मग लॉग नीट वाचला. ३.१० मध्ये ती मेमरी मोकळी केल्याची ओळ पट्ट्याचा पत्ताही छापते, कुठून कुठपर्यंत. माझी कोसळण्याची जागा बरोब्बर त्या पट्ट्याच्या मध्ये. वायर आधीच जोडलेली असेल तर सेटअप बूटच्या वेळी व्हायचं, मांडव उभा असतानाच. नंतर लावली तर तेच फंक्शन इंटरप्टच्या मागून बोलावलं जायचं, आणि तोवर तिथे फंक्शन उरलेलंच नसायचं. पाहुणा पत्रिकेवरच्या पत्त्यावर बरोबर पोचतोय, पण मांडव उतरलाय. जागा कोणाला दिली गेली असेल त्यावर पुढचं अवलंबून. दुसऱ्या कुणाचा डेटा तिथे आला असेल तर कर्नल तोच कोड समजून चालवणार. म्हणून प्रत्येक लॉग वेगळा.

आणि जिथे अजून कोणी आलेलं नव्हतं तिथे? एआरएमवर कर्नल पट्टा सोडण्याआधी तो मुद्दाम एकाच आकड्याने भरून ठेवतो, ई-७-एफ-डी-डी-ई-एफ-०. ही जाणूनबुजून निवडलेली अवैध इन्स्ट्रक्शन आहे. चुकून कोणी आलाच तर जागच्या जागी आपटावा म्हणून. (एक्स८६ वर ह्याच कामासाठी सीसी हा बाइट भरतात, तो म्हणजे डीबगरचा ब्रेकपॉइंट.) माझ्या दोन्ही लॉगमध्ये हा आकडा होता. एकदा नाही, ओळीने पाच वेळा. खराब रॅम एक-दोन बिट उडवते हो, तोच आकडा पाच वेळा सुवाच्य अक्षरात लिहीत नाही! मी फक्त 'फाइलपेक्षा वेगळं आहे' एवढंच पाहिलं, काय आहे ते पाहिलंच नाही.

अजून एक. कर्नल बिल्ड होताना शेवटी असे भलते संबंध तपासले जातात, की कायमचा कोड तात्पुरत्या कोडला हाक मारतोय का. आम्हाला मिळालेल्या कर्नलमध्ये आधीपासूनच असे ४ सापडायचे. बिल्ड सांगायचा, '४ सेक्शन मिसमॅच सापडले, तपशील हवे असतील तर अमुक पर्याय लावून परत बिल्ड करा.' कोणीच लावायचं नाही. माझ्या त्या शुक्रवारच्या बिल्डमध्ये ५ लिहिलं होतं. जुने लॉग शोधून दोन्ही शेजारी उघडले तेव्हा दिसलं. ४ चे ५.

दुरुस्ती म्हणजे एक शब्द खोडणे, सात ठिकाणी. रात्रीचे साडेअकरा वाजले होते. आणि आता खरं सांगायचं तर... सरांनी त्याच आठवड्यात, माझ्याच आग्रहाने, रॅमचं टायमिंग थोडं ढिलं केलं होतं. ते आणि माझी दुरुस्ती एकाच रिलीजमध्ये गेली असती तर तक्रारी थांबल्या असत्या आणि 'रॅमचं टायमिंग' ह्या कारणावर सगळे खूश झाले असते. मी खूश, मॅनेजर खूश. कमिटवर लिहायला वाक्यसुद्धा सुचलं होतं, 'किरकोळ साफसफाई'. ते मी टाइपही केलं. मग लॅपटॉप मिटला आणि घरी गेलो. झोप काही लागली नाही.

सकाळी सर कॅंटीनमध्ये एकटेच होते. मी शेजारी बसलो आणि सगळं सांगितलं. वायर, चिठ्ठी, ४ चे ५. त्यांनी मध्ये काही विचारलं नाही. चहा संपवला आणि म्हणाले, "म्हणजे रॅम ठीक आहे."

"हो सर."

"मग टायमिंग मी परत पूर्वीसारखं करतो. उगाच ढिलं ठेवायला नको." उठले, आणि जाता-जाता म्हणाले, "तेवढं मेलवर टाक. त्याच मेलला उत्तर म्हणून टाक, म्हणजे सीसीत सगळे राहतील."

टाकली. गिऱ्हाइकाकडची मंडळी जेवढं बोलायची तेवढी बोलली. दुधाचे पैसे कोणी भरले हे मला कळू दिलं नाही, मी दोनदा विचारलं तरी.

इनिटच्या चिठ्ठीने त्या बोर्डावर २१२ केबी वाचायचे, १२८ एमबीच्या रॅममध्ये. त्यात माझ्या ड्रायव्हरचा वाटा मी नंतर मोजला. ३ केबीसुद्धा भरला नाही.

त्यानंतर पहिल्यांदा मी त्या उरलेल्या चार मिसमॅचचा तपशील काढून बसलो. तीन निरुपद्रवी निघाले. चौथा मोडेमच्या ड्रायव्हरमध्ये होता, सिमकार्ड चालू मशीनमध्ये बदललं तर लागणारा. लॅबमध्ये सिम बदलून पाहिलं, डबा मेला. तो दुरुस्त करून आम्ही रिलीज काढली आणि सर भाऊबीजेच्या सकाळच्या एसटीने गावी गेले.