तीन वर्षांचा खाडा

दहावीचे निकाल लागले की ओळखीपाळखीच्यांचे फोन सुरू होतात. मुलाला सिव्हिलच्या डिप्लोमाला घालायचं की बारावी करून डिग्रीला? डिप्लोमानंतर डायरेक्ट सेकंड इयरला गेलं तर घातलेले पैसे वसूल होतात का? होतात, पण उशिरा, असं मी सांगते. हे उत्तर माझ्या पदरचं नाही. सांगली भागात घरबांधणीची कामं घेणाऱ्या, सातवी शिकलेल्या एका मिस्त्रींचं आहे. त्यांना सगळा गाव आप्पा म्हणतो. माझे वडील त्यांच्याकडे गवंडीकाम करायचे.

2012 साली माझा डिप्लोमा झाला आणि महिना 8,000 पगाराची साइटवरची नोकरी चालून आली. वडिलांना ती हवी होती, मला डिग्री. दोघांचं वाजलं आणि प्रकरण आप्पांकडे गेलं. मी फीचा आकडा सांगितला. ओबीसी सवलतीत शिकवणी शुल्क निम्मं होऊन वर्षाला 45,000 पडत होते.

"फी सांगतीस पोरी, आणि खाडा कोण सांगायचा?" आप्पा म्हणाले.

मजुरांच्या हजेरीवहीचं मागचं पान उलटून त्यांनी माझ्या डिग्रीचं एस्टिमेट मांडलं. तीन वर्षं कामावर नाही, म्हणजे 36 महिन्यांचा पगार बुडाला: 2,88,000. फी 1,35,000. मी खोली आणि मेस मिळून 1,05,000 लिहायला सांगितले, तर मेसचे 60,000 त्यांनी सरळ खोडले. "घरी असतीस तरी जेवली असतीसच की." राहिले खोलीचे 45,000. बेरीज 4,68,000. मग विचारलं, डिग्रीवाल्याला महिन्याला किती जास्त मिळतात? मी अंदाजानं 5,000 सांगितले. पावणेआठ वर्षं, व्याज सोडून, असं लिहून त्यांनी वही वडिलांपुढे सरकवली. "आठ वर्षांनी पोरगी तिशीच्या आतच असंल. पुढची वीस-पंचवीस वर्षं नफ्यात. जाऊ दे तिला."

वर्गात पुढे इंजिनिअरिंग इकॉनॉमिक्स शिकले, तेव्हा त्यात मला फारसं नवीन काही सापडलं नाही.

पैशांचा प्रश्न होताच. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागत नाही हे मी वाचलं होतं, पण एका बँकेनं आम्हाला इतके हेलपाटे घालायला लावले की वडिलांनी नाद सोडला. आप्पांनी दोन हप्त्यांत 1,00,000 दिले. व्याजाचं विचारलं तर म्हणाले, एस्टिमेटमध्ये ते धरलेलंच नाही, आता वाढवू नकोस.

2015 मध्ये बीई होऊन लागले ती 13,000 वर. माझ्याबरोबर डिप्लोमा झालेला वर्गमित्र तोवर त्याच पट्ट्यात 14,000 घेत होता आणि सेंट्रिंगवाल्यांशी दरावरून घासाघीस करण्यात तरबेज झाला होता. डिग्रीचे पैसे पहिल्या दिवसापासून मिळतात असं कॉलेजांच्या जाहिराती भासवतात. ते मला पटत नाही. पहिली तीन-चार वर्षं साइटला हात हवे असतात, आणि ते डिप्लोमावाल्याचे जास्त तयार असतात.

फरक पडला तो टेंडरच्या कागदात. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या करारात 36 नंबरचं कलम आहे. कामाच्या आकारानुसार ठेकेदारानं किती इंजिनिअर ठेवायचे हे त्यात ठरतं, आणि नाही ठेवले तर दरमहा ठरावीक रक्कम त्याच्याकडून वसूल होते. पदवीधराच्या जागेची वसुली सहसा जास्त, डिप्लोमाची कमी. 10 वर्षं अनुभव असलेला डिप्लोमाधारक पदवीधराच्या जागी चालतो, पण अशांनी निम्म्यापेक्षा जास्त जागा भरता येत नाहीत. म्हणजे सरकारनंच भाव लावून ठेवलाय. असली कामं घेणाऱ्या ठेकेदाराकडे मी गेले, माझ्या सर्टिफिकेटची झेरॉक्स टेंडरला जोडली गेली आणि पगार उडी मारून वर गेला. पुढे लॉकडाउनमध्ये साइट बंद पडून काही महिने अर्ध्या पगारावर काढावे लागले. तरी 2023 च्या सुमारास 4,68,000 भरून निघाले. आप्पांचा अंदाज मला तरी बऱ्याच सरकारी एस्टिमेटांपेक्षा खरा वाटतो.

2024 पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक शिक्षणाचं शिकवणी आणि परीक्षा शुल्क राज्यात माफ झालं. माझ्या वेळी ते असतं तर फीचा रकाना जवळजवळ कोरा राहिला असता. खाड्याचे 2,88,000 मात्र तसेच. फोनवर विचारणारे नेमकं हेच विसरतात.

आप्पांचं देणं फक्त 1,00,000 चं नव्हतं. सुट्टीत त्यांच्या स्लॅबवर जायची तेव्हा ते जाळीवरून सावकाश चालायचे. वरची सळई पायाखाली दबली की थांबायचे, "हितं खुर्ची न्हाई," आणि खाली वाकून पाहिलं तर वरची सळई उचलून धरणारा तो आधार खरंच नसायचा. नोकरीत माझ्या सहीनं सळई उतरायला लागली तेव्हा त्यांनी एकच सांगितलं: काट्याची पावती बघायचीच, पण टनाला नग किती ते मोज. 12 एमएमचा 12 मीटरचा नग 10.67 किलोचा, म्हणजे टनाला 94 च्या आसपास नग. एकदा गाडीतले नग टनाला 100 भरले. वजन पुरेपूर, सळई हलकी. ठेकेदार सळई काट्यावर घेतो आणि बिल नगाच्या प्रमाण वजनानं लावतो. मधला फरक त्याचा. साइटवर याला रोलिंग मार्जिन म्हणतात आणि बरेच जण ते हक्काचं उत्पन्न समजतात. आयएस 1786 मध्ये या जाडीला पाच टक्क्यांची सूट आहे, इथे सहाच्या वर तूट होती. चलनावर मी सही केली नाही. मालकांची चार दिवस नाराजी झाली, गाडी परत गेली. कोड मला कॉलेजनं दिला होता, पण नग मोजायला तिथे कुणी शिकवलं नव्हतं.

पैसे हप्त्याहप्त्यानं फेडले. प्रत्येक हप्त्याला आप्पा तेच पान काढून रक्कम वजा करायचे. शेवटच्या वेळी मी व्याजाचं पाकीट वेगळं नेलं होतं. ते त्यांनी उघडलंसुद्धा नाही. त्यांचं दुसरंच काम होतं. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करायची तर मागच्या वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. नोंदणी झाली की पोरांच्या शिष्यवृत्तीपासून पुढचं सगळं मिळू शकतं; पण त्यांच्या माणसांचे अर्ज कधी तारखा चुकल्यानं, कधी दाखला अर्धवट म्हणून परत येत होते. तेव्हापासून काही रविवार मी त्यांच्या ओसरीवर हजेरीवह्या जुळवत, अर्ज भरत बसते. आप्पांचा अर्ज मात्र भरता आला नाही. नोंदणी साठीपर्यंतच होते आणि ते केव्हाच साठीपलीकडे गेलेत. मी तोंड पाडलं तर मलाच दटावलं: "माझं सोड. विजापूरकडनं आलेली दोन जोडपी हायत. बाईमाणसांची नावं हजेरीत कुणी लिवलीच न्हाईत. त्यांचं बघ आधी."

त्या दोघींचे दिवस कशावरून जुळवायचे, ते अजून चाललंय. मुकादमाच्या डायरीत उचल दिल्याच्या तारखा आहेत, तिथून सुरुवात केली आहे.