छावणीतले देऊळ

वेरूळ-अजिंठ्याचे प्रवासी संभाजीनगरात उतरतात. पण छावणीतल्या ख्राइस्ट चर्चकडे सहसा कुणी वळत नाही. वळून पाहावे. निजामाच्या अमदानीत, एकोणिसाव्या शतकात, चर्च मिशनरी सोसायटीचे इथले काम रेव्हरंड रतनजी नवरोजी पाहत. गृहस्थ जन्माने पारशी! पारशी म्हटला की आपल्याला पेढी आठवते. यांनी पत्करली ती मराठवाड्याची धूळ आणि गावकुसाबाहेरची वस्ती. देवापुढे उच्च-नीच नाही हे एकदा मनाने घेतले, की शिवेबाहेर जाण्यावाचून गत्यंतर उरत नाही. धर्म सोडला म्हणजे माणूस परका झाला, असे आपण चटकन म्हणतो. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी तर ख्रिस्ताला अभंग-ओव्यांत बसविले. मराठी ख्रिस्ती मंडळी त्यांची गीते उपासनेत आजही गातात.