नॅपकिनच्या आधीची सुई

मेस्सीची गोष्ट सांगताना बहुतेक जण कागदी नॅपकिनपासून सुरुवात करतात. ती सुरू होते सुईपासून.

अर्जेंटिनातल्या रोसारिओ शहरात १९८७ साली जन्मलेलं हे पोर पायात चेंडू आला की कुणाला सापडायचं नाही, पण बरोबरीच्या मुलांत उभं राहिलं की दिसायचंही नाही. टोपणनावच पडलं ‘पिसू’. दहा-अकराव्या वर्षी घरच्यांनी त्याला डॉ. दिएगो श्वार्झस्टाइन यांच्याकडे नेलं. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पियूषिका ग्रंथी असते. त्याची ग्रंथी वाढीचं संप्रेरक पुरेसं तयार करत नव्हती. मग रोज रात्री इंजेक्शन. आज एका पायाला, उद्या दुसऱ्या. पुढे पुढे तो स्वतःच टोचून घेऊ लागला.

तसा तो वेळेवर जन्मला म्हणायचा. १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून हे संप्रेरक मृतदेहांच्या पियूषिकेतून काढत. ते घेतलेल्या काही तरुणांना मेंदूचा जीवघेणा विकार झाल्याचं १९८५ मध्ये उघड झालं आणि अमेरिकेत तो पुरवठा थांबला. त्याच वर्षी तिथे जिवाणूंकरवी बनवलेल्या संप्रेरकाला मान्यता मिळाली.

औषध सुरक्षित झालं, स्वस्त नव्हे. महिन्याला हजार डॉलरच्या आसपास खर्च. वडील पोलाद कंपनीत नोकरीला. विम्याने काही काळ तारलं, मग तो आधार आटला. आणि थांबायला तर सवड नसते. वयात येता येता हाडांच्या टोकांची वाढीची कूर्चा मिटते, त्यानंतर कितीही सुया टोचल्या तरी उंची वाढत नाही.

म्हणूनच सप्टेंबर २००० मध्ये तेरा वर्षांच्या मुलाला घेऊन वडील बार्सिलोना फुटबॉल क्लबात चाचणीला गेले. क्लबात कुरबुर होती: परदेशी पोर, त्यात एवढंसं. अखेर १४ डिसेंबरला क्लबचे पदाधिकारी कार्लेस रेक्साक यांनी एका टेनिस क्लबात, काहींचा विरोध असला तरी याला घेतो, असं नॅपकिनवर लिहून दिलं. उपचारांचा खर्च क्लबने उचलला. उंची भरली १७० सेंटिमीटर. फुटबॉलला तेवढी पुष्कळ झाली.

त्या नॅपकिनवर औषधाचा उल्लेख नाही. २०२४ मध्ये लिलावात त्याला ७,६२,४०० पौंड मिळाले. रोसारिओतल्या त्या जुन्या दराने एवढ्या पैशांत साधारण ऐंशी वर्षांची इंजेक्शनं आली असती.