दफ्तरी दाखल

‘दफ्तरी दाखल’ हा शेरा आम्हा कारकुनांच्या हाडीमांसी खिळलेला. तो पडला की प्रकरण संपले! दिल्लीतल्या खोलीत रात्री ‘द झॉम्बीज’ या इंग्रज वाद्यवृंदाची गाणी ऐकताना मात्र ही श्रद्धा डळमळते.

सेंट ऑल्बन्सच्या या पाच तरुणांनी १९६७ साली लंडनमध्ये ‘ओडिसी अँड ओरॅकल’ ही बारा गाण्यांची ध्वनिमुद्रिका सिद्ध केली. वेष्टनावर ‘ओडिसी’चे स्पेलिंगच चुकले, आणि ती चूक तशीच राहिली. डिसेंबरात वृंद मोडला. एप्रिल १९६८ मध्ये ध्वनिमुद्रिका निघाली, ती फारशी खपली नाही. गायक कॉलिन ब्लनस्टोन विमा कंपनीत कारकुनी करू लागला. आणि १९६९ साली त्यातलेच ‘टाइम ऑफ द सीझन’ अमेरिकेत तिसऱ्या क्रमांकावर चढले! यश दारी आले, तेव्हा घर रिकामे होते.

ब्लनस्टोन पुढे कचेरी सोडून पुन्हा गाऊ लागला. माझ्या अंगी ते धैर्य नाही. नोकरी लागली त्या वर्षी तंबोऱ्याला गवसणी घातली, ती काल प्रथमच काढली. तारा गंजल्या आहेत. खुंट्या मात्र अजून फिरतात.