ऐकण्याची इच्छा

नाशिक रोडला सकाळी वर्तमानपत्र उघडले, की हल्ली बातम्यांच्या आधी रुग्णालयांच्या जाहिराती दिसतात. अशाच एका जाहिरातीत मुख्य अधिकारी हवा होता. त्याच्या अंगी दूरदृष्टी, गतिमानता, स्पर्धाशीलता वगैरे गुण असावेत, अशी अपेक्षा होती. बिस्किटांच्या कारखान्यालाही ती जाहिरात चालली असती. आरोग्यसेवेला 'उद्योग' म्हणण्याबद्दल माझी फारशी तक्रार नाही; पगार आणि वीजबिल रुग्णालयालाही चुकत नाही. परंतु या उद्योगाचा मूळ गुण सांगणारा आपल्या भाषेतला शब्द त्या यादीत नव्हता: शुश्रूषा.

'ज्ञा'पासून जिज्ञासा, 'पा'पासून पिपासा, तशी 'श्रु'पासून शुश्रूषा, म्हणजे ऐकण्याची इच्छा. सेवा हा अर्थ त्यातून पुढे आला. (आपण सर्रास 'सुश्रुषा' लिहितो आणि त्यातले ऐकणे घालवून बसतो. असो.)

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 साली गडचिरोलीत 'सर्च' सुरू केली. आदिवासी रुग्णालयात का येत नाहीत, हे त्यांनी आदिवासींनाच विचारले. उत्तरे व्यवस्थापनाच्या कोणत्याही पुस्तकात सापडली नसती. मोठ्या इमारतीची भीती वाटते. तिथली माणसे पांढरे कपडे घालतात, आणि पांढरे वस्त्र तर आम्ही मेलेल्या माणसावर घालतो. शिवाय नातलगांना बाहेर काढतात. मग दवाखाना झोपड्यांसारखा बांधला गेला, नातलगांची सोय झाली आणि त्याला लोकांच्या दंतेश्वरी देवीचे नाव मिळाले. येथे दूरदृष्टीपेक्षा कानच अधिक कामी आले, असे मला वाटते. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 पासून त्याच्याही पुढचे पाऊल टाकले: गावातल्या, अनेकदा निरक्षर, बायकांच्या हाती आरोग्याचे ज्ञानच सोपवले.

हे खेड्यांपुरते खरे, असे कोणी म्हणेल. नाशिक रोडहून शहरात जाताना द्वारका लागते. तिथून जवळच महापालिकेचे डॉ. झाकीर हुसेन रुग्णालय आहे. 21 एप्रिल 2021 रोजी तेथील प्राणवायूच्या टाकीला गळती लागली, पुरवठ्याचा दाब घसरला आणि त्या दिवशी 22 रुग्ण दगावल्याचे जाहीर झाले. आजच्या रुग्णालयात श्वास डॉक्टरांइतकाच नळ, झडप आणि दाबाचा काटा पाहणाऱ्या माणसाच्या हाती असतो, हे त्या दिवशी आम्हा नाशिककरांना कळले. सर्वसाधारणपणे अशा माणसाचा हुद्दा इतका खालचा असतो, की 'काटा हलतोय' एवढे वाक्य वर पोहोचवायला त्याला चार दारे ठोठवावी लागतात. ज्याच्यापर्यंत ते वाक्य अर्ध्या मिनिटात पोहोचेल, असा अधिकारी मला हवा. हिशेब त्याला आलाच पाहिजे. मात्र हिशेबनीस नेमता येतो, कान नेमता येत नाहीत.

निवडमंडळावर मराठीच्या शिक्षकाला कोणी बोलावणार नाही, हे उघड आहे. बोलावलेच, तर मी उमेदवाराला एक रात्र वॉर्डात बसवीन आणि सकाळी त्याला रात्रपाळीच्या आयाबाईंचे नाव विचारीन. त्यांनी रात्री काय काय सांगितले, तेही.