वेडमॅथची पहिली तारीख

१८ जुलै २०२३, मंगळवार. ऑक्सफर्डमध्ये लेकीच्या छोट्या स्वयंपाकघरात मी अनारसे तळत होते. लग्नानंतरचा तिचा पहिला अधिक महिना, त्यामुळे पीठ अंबाजोगाईहून बांधून नेलं होतं. तूप तिथलंच, शेगडी विजेची, आणि तिच्या आचेचा अंदाज मला येईना. पहिला अनारसा तुपात सोडला आणि हसला. जाळी पडायच्या आत सगळा विरघळून गेला. आच कमी केली. दुसऱ्यावर खसखशीची बाजू वर ठेवून झाऱ्याने हळूहळू तूप उडवत राहिले, तेव्हा कुठे जाळी धरली. तेहतीस झाले तेव्हा बाहेर पाऊस लागला होता. वाण घेताना जावई म्हणाले, “आई, तुमच्या शायरमध्ये आज काय तारीख आहे?”

लेकीने सांगून ठेवलं असणार. मी हिशेब करूनच आले होते. “आफ्टरलिथची चोवीस,” मी म्हटलं.

लेक शिकायला बाहेर पडली तेव्हा टोल्कीनचे ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे तिन्ही खंड कपाटात तसेच राहिले होते. टाळेबंदीत मी ते वाचले. कथा आवडलीच, पण जीव अडकला तो शेवटच्या परिशिष्टांत. तिसरा खंड ऑक्टोबर १९५५मध्ये निघाला आणि त्याच्या मागे एक परिशिष्ट फक्त दिनदर्शिकांचं आहे. शाळेत गणित शिकवण्यात माझं आयुष्य गेलं आणि घरी दाते पंचांगाशिवाय पान हललं नाही. मी वही-पेन्सिल घेऊनच ते परिशिष्ट वाचायला बसले.

हॉबिट नावाच्या बुटक्या, शेतकरी, खाण्यापिण्यात रमणाऱ्या लोकांचा प्रदेश म्हणजे शायर. त्यांचे बाराही महिने तीस दिवसांचे. तीनशे साठ झाले. उरलेल्या पाच दिवसांपैकी दोन यूल, म्हणजे वर्षाचा शेवटचा आणि पहिला दिवस. उरलेले तीन भर उन्हाळ्यात: पहिला लिथ, मध्यवर्षदिन, दुसरा लिथ. हे पाचही दिवस कुठल्याच महिन्यात धरायचे नाहीत. लीप वर्षी मध्यवर्षदिनामागे आणखी एक दिवस येतो, ओव्हरलिथ. आणि मध्यवर्षदिनाला व ओव्हरलिथला वारच नाही! त्यामुळे उरतात बरोबर तीनशे चौसष्ट दिवस, म्हणजे बावन्न पूर्ण आठवडे. वर्ष दरवेळी शनिवारी सुरू होतं आणि शुक्रवारी संपतं. एकदा केलेलं कॅलेंडर जन्मभर पुरतं. मी बाराही महिन्यांच्या पहिल्या तारखांचे वार मांडून पाहिले. एकही महिना शुक्रवारी सुरू होत नाही. म्हणून जे कधीच घडणार नाही त्याला शायरमध्ये ‘शुक्रवार, एक तारीख’ म्हणतात, आपण सशाच्या शिंगाचं नाव घेतो तसं. इतक्या कोरड्या गणितातून एक म्हण उगवलेली पाहून मी वही मिटली आणि थोडा वेळ नुसती बसून राहिले.

त्याच कथेतल्या एल्फ लोकांचं वर्ष तर आपल्याला ओळखीचंच वाटावं. त्यांचे ऋतू सहा आणि सुरुवात वसंतापासून. आपले ऋतू सारखे, दोन-दोन महिन्यांचे. त्यांचा उन्हाळा आणि हिवाळा बहात्तर दिवसांचे, बाकीचे चार चोपन्न दिवसांचे. हिवाळा सरल्यावर आणि वसंत लागण्याआधी त्यांचा एक वेगळा ऋतू आहे, कोइरे. जमिनीखाली हालचाल सुरू होण्याचा. माघाच्या शेवटी आमच्या आंब्याच्या बुंध्याशी उभं राहिलं की जे जाणवतं, त्याला नाव असू शकतं हे मला तिथे कळलं.

बुधवारी पाऊस थोडा उघडला तशी मी नॉर्थमूर रोडवर गेले. वीस नंबरच्या घरावर निळी पाटी आहे. टोल्कीन १९३० ते १९४७ या घरात राहिले, त्यांचं बरंचसं लेखन इथे झालं. घर खाजगी आहे, म्हणून समोरच्या पदपथावरूनच पाहिलं. १९२५ ते १९४५ ते इथल्या विद्यापीठात अँग्लो-सॅक्सनचे, म्हणजे जुन्या इंग्रजीचे, प्राध्यापक होते. लढाईच्या काळात, १९४४मध्ये, त्यांनी मुलाला लिहिलेल्या एका पत्रात आपल्या कथेतला चंद्र हिशेबात बसत नसल्याची तक्रार आहे: एकाच वेळी एका ठिकाणी उगवतोय आणि दुसरीकडे मावळतोय. ते त्यांनी तसंच सोडलं नाही, दुरुस्त करत बसले. त्या खिडक्यांपैकी एकीआड हा माणूस चंद्राच्या कलांचा मेळ घालत बसला असेल, या विचाराने मला माझे आजोबा आठवले. तेही असेच ओसरीवर बोटांची पेरं मोजत बसायचे.

तिथून बसने वूल्व्हरकोटच्या दफनभूमीत. वाट दाखवणाऱ्या छोट्या पाट्या आहेत. करड्या ग्रॅनाइटवर पत्नी एडिथचं नाव आणि खाली ‘लुथिएन’, मग त्यांचं नाव आणि खाली ‘बेरेन’. हे त्यांच्याच कथेतलं जोडपं. १८८९–१९७१, १८९२–१९७३. मी प्राजक्ताच्या बिया बरोबर नेल्या नव्हत्या याचं वाईट वाटलं. नुसते हात जोडले.

पण मला जायचं होतं ते पुढे, उत्तरेला. कारण हॉबिटांचे महिने टोल्कीननी मनाने रचलेले नाहीत. सॉलमॅथ, रेथ, थ्रिमिज, वेडमॅथ, हॅलिमॅथ, विंटरफिल्थ, ब्लॉटमॅथ: ही सगळी इंग्लंडच्या जुन्या लोकांच्या महिन्यांची नावं आहेत, जिभेवर झिजून गोल झालेली. लॅटिन महिने आले आणि ही नावं व्यवहारातून गेली. ती आपल्याला कळतात ती मुख्यतः एका साधूमुळे. त्याचं नाव बीड. (मराठीत ते आमच्या जिल्ह्यासारखंच लिहावं लागतं, त्याला इलाज नाही.) ईस्टरचा दिवस कसा काढायचा यावर त्याने ७२५मध्ये लॅटिनमध्ये कालगणनेचा ग्रंथ लिहिला आणि त्यात एक प्रकरण आपल्या पूर्वजांच्या महिन्यांना दिलं. ते पूर्वज ख्रिस्ती नव्हते, हा स्वतः मठातला. तरी त्याने लिहून ठेवलं की थ्रिमिल्खि म्हणायचं कारण त्या महिन्यात गाईंची दिवसातून तीनदा धार काढत. सॉलमोनाथमध्ये देवांना पोळ्या वाहत. ब्लॉटमोनाथमध्ये मारायची गुरं देवाला अर्पण करत. विंटरफिलेथच्या पौर्णिमेला हिवाळा लागला असं धरत. आपली कोजागरी येते त्याच सुमाराला.

आणि मग ते वाक्य, ज्यासाठी मी ग्रंथालयातून आणलेला त्या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद लेकीच्या घरी रात्री दोनपर्यंत वाचत बसले. त्या लोकांचे महिने चंद्राचे होते. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा अकरा दिवसांनी तोकडं पडतं. ते भरून काढायला ठरावीक वर्षी ते एक महिना जास्त धरत, आणि तो धरत उन्हाळ्यात. एरवी लिथा नावाचे दोन महिने असायचे, त्या वर्षी तीन व्हायचे. अशा वर्षाला नाव होतं थ्रिलिथि.

अधिक महिनाच की हा! आपण एका श्रावणाचे दोन करतो, अधिक आणि निज. ते दोन लिथांचे तीन करत. आपला अधिक सूर्यसंक्रांत पाहून कुठल्या महिन्यात पडतो ते ठरतं, त्यांचा कायम उन्हाळ्यातच. तेराशे वर्षांपूर्वीच्या पानावर तो मला भेटला, तोही अधिक लागलेल्या आठवड्यात, डब्यात अनारसे असताना. टोल्कीननी हॉबिटांना चंद्राचे महिने दिले नाहीत, त्यामुळे तिसरा लिथा त्यांच्याकडे एका दिवसापुरता उरला. ओव्हरलिथचा तो बिनवाराचा दिवस हे त्या हरवलेल्या महिन्याचं बीज आहे, असं मला वाटतं. शायरमध्ये त्या दिवशी मोठी मौज करतात.

सोमवारी, २४ तारखेला, उत्तरेकडची गाडी धरली. बर्मिंगहॅम, यॉर्क, आणि मग डरॅम. गाडी उंच पुलावरून शिरते आणि समोर टेकडीवर कॅथीड्रल उभं राहतं, खाली वेअर नदीचं वळण. १०९३मध्ये त्याचं बांधकाम सुरू झालं. पश्चिम टोकाच्या गॅलिली चॅपलमध्ये बीडची समाधी आहे: काळसर दगड, साधी, कमरेइतकी. त्याच्या अस्थी १३७०पासून तिथे आहेत. आजूबाजूला शांत होतं. अंबाजोगाईला मुकुंदराजांच्या समाधीपाशी जशी मी काही न मागता बसते, तशीच बसले.

दुसऱ्या दिवशी न्यूकॅसलहून मेट्रोने जॅरोला. पुढच्या स्टेशनचं नाव चक्क ‘बीड’. मी त्याच्या एक स्टेशन आधी, जॅरोलाच, उतरून चालत गेले. रस्ता काही देखणा नाही. कारखान्यांच्या आणि गोदीच्या वस्तीतून जातो. सेंट पॉल चर्च मात्र वाट पाहत असल्यासारखं. बीड सात वर्षांचा असताना वेअरमथच्या मठात गेला, मग तिथून त्याच्या इथल्या जोडमठात आला, आणि त्याचं उभं आयुष्य इथेच गेलं. चर्चचा वेदीकडचा भाग त्याच्या काळातला आहे. एका छोट्या गोल खिडकीत तिथेच उत्खननात सापडलेल्या सातव्या शतकातल्या काचांचे तुकडे बसवले आहेत. कमानीवर चर्चच्या समर्पणाचा शिलालेख आहे. त्यावर सन नाही. मे महिन्याच्या कॅलेंड्सआधीचा (म्हणजे एक तारखेपासून, ती धरून, मागे मोजलेला) नववा दिवस, राजा एगफ्रिथचं पंधरावं वर्ष, असं कोरलंय. म्हणजे २३ एप्रिल ६८५. ख्रिस्तजन्मापासून वर्षं मोजायची पद्धत रुळवली ती पुढे बीडच्याच लेखनाने. लहानपणी तो या दगडाखालून रोज गेला असेल, आणि काळ असाही मोजता येतो, तसाही मोजता येतो, हे त्याला इथेच पहिल्यांदा दिसलं असेल.

बाहेर मठाचे भग्न पाये आणि त्यांच्याकडेने रान माजलेलं. पोटरीला लागताच चुरचुरणारी नेटल, तिच्याशेजारी रुंद पानांची डॉक, कुंपणापलीकडे गुलाबी तुऱ्यांचं उंच तण. मी वहीतला हिशेब पुन्हा पाहिला. शायरची तारीख आपल्या इंग्रजी तारखेच्या काही दिवस पुढे चालते. काल आफ्टरलिथ महिना संपला होता. आज वेडमॅथ एक. आणि शायरच्या घडणीत वेडमॅथ एकला कायम मंगळवारच येतो. आजही मंगळवारच होता. बीडने वेओडमोनाथचा अर्थ दिलाय तणाचा महिना. आमच्याकडेही याच दिवसांत बायका खुरपणीला जातात, आणि बांधावरचा आघाडा जिवतीच्या पूजेला उपटून आणतात. तण म्हणून काढायचा तोच हातात धरून घरी न्यायचा.

दाराशी अभ्यागतांची वही होती. नाव, गाव, तारीख. मी नाव लिहिलं, अंबाजोगाई लिहिलं. तारखेच्या रकान्यात २५ जुलै २०२३. खाली जागा होती. अधिक श्रावण शुद्ध सप्तमी, असं लिहिलं. मग पेन तसंच धरून, त्याखाली, वेडमॅथ १.