चतुर्थीच्या रात्री ढगांखाली

उपग्रहाने रात्री टिपलेल्या उजेडावरून वस्तीची वाढ मोजता येते, हे गृहीतक मुंबई-पुण्याच्या पट्ट्यात बऱ्यापैकी टिकते; मालवणच्या किनाऱ्यावर मात्र ते जपूनच लावावे लागते. १९९२ ते २०१३ या काळातील जुन्या प्रतिमा धूसर होत्या. २०११ मध्ये सोडलेल्या सुओमी एनपीपी उपग्रहावरील व्हीआयआयआरएस या उपकरणाचा पिक्सेल, म्हणजे प्रतिमेतील सर्वांत लहान चौकोन, सुमारे ७४० मीटरचा असल्यामुळे चित्र सुधारले. तरीही कर्ली नदी आणि समुद्र यांच्यामधील देवबागच्या चिंचोळ्या पट्टीवर एकाच चौकोनात वस्ती, नदी आणि समुद्र एकत्र येतात.

अशा प्रतिमांवरून प्रस्तुत लेखकाने मालवण तालुक्याचा नकाशा केला, तेव्हा आतल्या एका वाडीचा चौकोन वर्षानुवर्षे जवळपास काळाच राहिला. एका बैठकीत त्यावर बोट ठेवून ही वस्ती विरत चालल्याचे सांगण्यात आले आणि २००१ मध्ये ८,६८,८२५ असलेली सिंधुदुर्गाची लोकसंख्या २०११ मध्ये ८,४९,६५१ झाल्याचा दाखला देण्यात आला. तो निष्कर्ष लेखकाला आजही खुपतो.

कारण वाडीत घरे वाढलीच होती. मुंबईतील चाकरमान्यांनी जुनी कौलारू घरे उतरवून चिऱ्याच्या भिंतींवर स्लॅब घातले, नवी न्हाणीघरे बांधली आणि दाराला कुलूप लावून ते परत गेले. ही घरे उघडतात ती चतुर्थीला. गणपतीवरच्या माटवीला नारळ, तवशी, कवंडाळे टांगलेली असतात, ओटीपासून खळ्यापर्यंत दिव्यांच्या माळा असतात आणि भजनाची मंडळी एका घरून दुसऱ्या घरी जाता जाता मध्यरात्र उलटून जाते. उपग्रहही साधारण दीडच्या सुमारास, म्हणजे नेमक्या त्याच वेळी माथ्यावरून जातो. परंतु भाद्रपदात कोकणावर ढग दाटलेले असतात. मासिक प्रतिमा करताना ढगाळ रात्रींची मोजमापे बाजूला काढली जातात आणि उरलेल्या निरभ्र रात्रींची सरासरी घेतली जाते. ही रीत शास्त्रशुद्ध आहे, पण तिच्यामुळे ज्या रात्री वाडी सर्वाधिक नांदती असते, नेमक्या त्याच बहुधा गाळल्या जातात. वर्षाच्या नकाशात चतुर्थी येतच नाही. हा दोष उपकरणाचा नव्हे, तर काळ्या चौकोनाला निर्जन म्हणणाऱ्या वाचनाचा आहे, आणि ते वाचन उद्या रस्त्याच्या व पाण्याच्या योजनांपर्यंत पोहोचते, ही यातील गंभीर बाब आहे.

मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळानंतर किनाऱ्यावरील वीज अनेक दिवस गेली, तेव्हा माणसे घरात असूनही गावे अंधारात होती. शिवाय हे उपकरण ५०० ते ९०० नॅनोमीटर तरंगलांबीचाच प्रकाश टिपते, त्यामुळे पिवळ्या सोडियम दिव्यांच्या जागी पांढरे एलईडी आले की त्यातील निळसर भाग त्याच्या नजरेतून सुटतो आणि उजळलेला रस्ताही प्रतिमेत मंदावल्यासारखा भासू शकतो. म्हणून प्रकाशाचा नकाशा करणाऱ्याने ग्रामपंचायतीची घरपट्टीची नोंदवही आणि वीजजोडण्यांची संख्या शेजारी ठेवल्याखेरीज वाढीविषयी बोलू नये.

पुढे एका फेब्रुवारीत, आपलेच म्हणणे तपासण्यासाठी, लेखक त्या वाडीत रात्री मुक्कामाला राहिला. जेवणाच्या वेळेला दोनच घरांत दिवा होता, एकात म्हातारे जोडपे आणि दुसऱ्यात एकटी वृद्धा. दीड वाजता तेही विझलेले होते. बैठकीतला निष्कर्ष लेखकाला अजून मान्य नाही, मात्र त्या रात्रीनंतर नकाशावरील काळ्या रंगाला खोटे म्हणणेही त्याला जमलेले नाही.